रस्ता, घाट आणि शर्यतीचा ट्रॅक : ब्रेक पॅडच्या निवडीमागील तापमानाचे शास्त्र

गोषवारा

मोटारीच्या ब्रेक पॅडची निवड करताना ‘अधिक महाग तो अधिक चांगला’ अथवा ‘शर्यतीचा तो सर्वांत सुरक्षित’ असे समज सर्रास आढळतात. प्रत्येक पॅड एका ठरावीक तापमानपट्ट्यातच योग्य काम करतो. त्या पट्ट्याच्या खाली किंवा वर गेल्यास तोच पॅड धोक्याचा ठरतो. प्रस्तुत लेखात शहरातील रस्ता, घाट व शर्यतीचा ट्रॅक या तीन परिस्थितींतील ऊर्जेचा साध्या गणिताने अंदाज घेतला असून त्याआधारे पॅडची घडण, त्यावरील खुणा, ब्रेक निकामी होण्याचे प्रकार आणि निवडीची तत्त्वे यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ब्रेक पॅड, घर्षणगुणांक, तापमानपट्टा, ब्रेक फेड, ब्रेक ऑइल, इंजिन ब्रेकिंग.

१. प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत भारतात मोटार ही केवळ प्रवासाचे साधन न राहता हौसेचाही विषय झाली आहे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै, कोइंबतूरजवळील कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या ट्रॅकवर आपली रोजच्या वापरातील मोटार नेऊन चालविणारे हौशी चालक आज दिसतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही ‘बाहा’, ‘सुप्रा’ यांसारख्या स्पर्धांसाठी स्वतः वाहने बांधतात. या सर्वांसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो, तो म्हणजे कोणता ब्रेक पॅड बसवावा?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमतीवरून, नावावरून किंवा ऐकीव माहितीवरून दिले जाते. वस्तुतः हा प्रश्न उष्णतेचा आहे. त्याचे उत्तर चुकल्यास त्याची किंमत केवळ चालकालाच नव्हे, तर रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यालाही मोजावी लागते. म्हणूनच हा विषय हौशी वर्तुळापुरता मर्यादित न ठेवता त्याची शास्त्रीय मांडणी करणे आवश्यक वाटते.

२. ब्रेकचे कार्य : गतीचे उष्णतेत रूपांतर

ब्रेक गाडी ‘थांबवितो’ असे आपण म्हणतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत तो गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. पायाने दाबलेल्या पेडलचा जोर मास्टर सिलिंडर व ब्रेक ऑइलमार्फत कॅलिपरपर्यंत पोहोचतो. कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड चकतीवर म्हणजेच डिस्कवर दाबतो, आणि घर्षणातून निर्माण झालेली उष्णता मुख्यतः चकतीत साठून नंतर हवेत जाते.

प्रवाशांसह १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक साधी मोटार विचारात घेऊ. ताशी ५० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ११६ किलोजूल, तर ताशी १०० किलोमीटरला सुमारे ४६३ किलोजूल असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ब्रेक लावताना भार पुढील चाकांवर सरकत असल्याने यांपैकी साधारण ७० टक्के काम पुढील ब्रेक करतात असे मानू. पुढची प्रत्येक चकती ५ किलोग्रॅम बिडाची असेल, तर ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबताना तिचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसने वाढते. शहरात असे थांबणे क्वचित घडते आणि मधल्या काळात चकती निवते. त्यामुळे शहरी वापरात चकतीचे तापमान फारसे चढत नाही. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तर ती प्रवासाच्या आरंभी जवळपास हवेइतकीच थंड असते. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट होय. पॅडचा घर्षणगुणांक वाढला म्हणजे थांबण्याचे किमान अंतर कमी होतेच, असे नाही. सुस्थितीतील ब्रेक मुळातच चाके अडविण्यास समर्थ असतात. गाडी किती अंतरात थांबेल याची अंतिम मर्यादा टायर व रस्ता यांच्यातील पकड ठरविते. पॅडचे काम ती मर्यादा पायाच्या बेताच्या जोराने, प्रत्येक वेळी सारख्याच रीतीने आणि कोणत्याही तापमानाला गाठू देणे हे आहे. म्हणूनच चांगल्या पॅडचा खरा गुण ‘जोर’ हा नसून ‘सातत्य’ हा आहे.

३. घाट आणि ट्रॅक : ऊर्जा व तिचा दर

महाराष्ट्रातील चालकाला उष्णतेचा परिचय घाटात होतो. लोणावळ्याहून खोपोलीस उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. वर गृहीत धरलेल्या मोटारीची या उतारात सुमारे ६,४७० किलोजूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. ताशी १०० किलोमीटर वेगावरून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. परंतु ती वीस मिनिटांत विभागली गेल्यास तिचा सरासरी दर सुमारे ५.४ किलोवॅट इतकाच पडतो. त्यातीलही काही भाग हवेचा रोध व टायरांचे घर्षण शोषून घेते.

आता ट्रॅकवरील एक सरळ उदाहरण पाहू. एका फेरीत चार वळणांपूर्वी गाडीचा वेग ताशी १६० वरून ८० किलोमीटरवर आणावा लागतो आणि फेरीस अडीच मिनिटे लागतात असे मानू. प्रत्येक वेळी सुमारे ८८९ किलोजूल, म्हणजे १०० वरून पूर्ण थांबण्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा ब्रेकवर येते. जोरदार ब्रेक लावल्यास हे काम तीन सेकंदांच्या आत होते, म्हणजे त्या क्षणी ब्रेक ३०० किलोवॅटहून अधिक शक्ती पेलत असतात. ७५ किलोवॅटच्या इंजिनाची मोटार असेल, तर इंजिनाच्या चौपट शक्ती तिचे ब्रेक त्या क्षणी हाताळतात. पूर्ण फेरीचा सरासरी दर सुमारे २४ किलोवॅट येतो. तो घाटातील दराच्या चौपटीहून अधिक आहे. अशा सलग पाच फेऱ्यांत, म्हणजे साडेबारा मिनिटांत, घाट उतरण्याच्या पावणेतीनपट ऊर्जा ब्रेकमध्ये ओतली जाते. चकतीला निवण्यास उसंत मिळत नाही आणि तापमान फेरीगणिक चढत जाते.

या तुलनेतून दोन निष्कर्ष निघतात. घाटातील उष्णतेचा दर इतका मर्यादित आहे, की खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधावर गाडी उतरविल्यास बरेचसे काम इंजिनच करते. तेथे पॅड बदलण्यापेक्षा सवय बदलणे अधिक गुणकारी ठरते. ट्रॅकवरील उष्णतेवर मात्र असा उपाय नाही. ती पॅड, चकती व ब्रेक ऑइल यांनाच सोसावी लागते.

४. पॅडची घडण : संक्षिप्त इतिहास व प्रकार

इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली घर्षणद्रव्यांच्या निर्मितीस आरंभ केला. त्यातूनच पुढे ‘फेरोडो’ हे नाव प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाचा बराच काळ उष्णता सोसणारा व स्वस्त तंतू म्हणून ॲस्बेस्टॉसचा वापर होत राहिला. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी तो बंद केला. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. जुन्या वाहनांच्या लायनरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, ही दक्षता कार्यशाळेत आजही पाळावयास हवी.

डिस्क ब्रेकचा प्रसारही उष्णतेच्या प्रश्नातूनच झाला. १९५३ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप मोटारीने डिस्क ब्रेकच्या साहाय्याने विजय मिळविला. बंद ड्रमच्या तुलनेत उघडी चकती हवेने लवकर निवते आणि म्हणून वारंवार तोच परिणाम देते, हे त्या विजयाने ठळकपणे दाखविले.

आजचे पॅड ढोबळमानाने चार प्रकारांत विभागता येतात. सेंद्रिय पॅडमध्ये फिनॉलिक राळेच्या बंधनात विविध तंतू, ग्रॅफाइट व खनिजे असतात. हे पॅड शांत व चकतीस सौम्य असतात, परंतु अधिक उष्णतेस ते लवकर नमतात. अर्धधातुमय पॅडमध्ये लोखंडाचे तंतू व भुकटी मोठ्या प्रमाणात असते. त्यांची उष्णतासहिष्णुता अधिक असते. मात्र आवाज, काळी धूळ व चकतीची झीजही वाढते. बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे पॅड धूळ व आवाज कमी करण्यासाठी नावाजले जातात; रस्त्यावर ते उत्तम असले, तरी केवळ नावावरून त्यांना ट्रॅकयोग्य समजणे चुकीचे आहे. चौथा प्रकार सिंटर्ड पॅडचा. त्यात धातूची भुकटी उच्च तापमानाला एकजीव केलेली असते. तो प्रामुख्याने मोटारसायकली व अतितप्त वापरासाठी योजला जातो.

हे प्रकार सूचक आहेत, निर्णायक नाहीत. एकाच प्रकारातील दोन पॅडांचे मिश्रण अगदी भिन्न असू शकते. शिवाय मिश्रणे काळानुसार बदलतात. उष्णतेचे वहन सुधारणारे तांबे पाण्यातील जीवांना घातक ठरत असल्याने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० च्या कायद्याद्वारे पॅडमधील तांब्यावर मर्यादा घातली. ही मर्यादा २०२१ पासून ५ टक्के व २०२५ पासून ०.५ टक्के अशी टप्प्याटप्प्याने कठोर झाली. त्यामुळे जुन्या अनुभवावरून त्याच नावाचा पॅड घेताना मिश्रण बदलले आहे काय, हे विचारून घ्यावे.

५. तापमानपट्टा : निवडीचा गाभा

पॅड व चकती यांच्यातील घर्षण दोन रीतींनी घडते. पहिल्या रीतीत पॅडमधील कठीण कण चकतीचा पृष्ठभाग घासतात. दुसऱ्या रीतीत पॅडचाच एक अतिसूक्ष्म थर चकतीवर बसतो आणि त्या थराशी पॅडचे बंध सतत जुळत व तुटत राहतात. थंड अवस्थेत पहिल्या रीतीचा, तर योग्य तापमानाला दुसऱ्या रीतीचा वाटा मोठा असतो. शर्यतीचे पॅड दुसऱ्या रीतीवर अधिक विसंबून असल्याने तापल्याखेरीज त्यांचा खरा गुण प्रकट होत नाही. थंड असताना ते पकड कमी देतात, कर्कश आवाज करतात आणि चकती कुरतडतात.

उत्पादकागणिक फरक असला, तरी रस्त्याचे पॅड साधारणतः हवेच्या तापमानापासून ३०० ते ४०० अंशांपर्यंत समाधानकारक काम करतात. संमिश्र वापराचे पॅड ५०० अंशांच्या आसपास तग धरतात. त्यांची थंड पकड किंचित कमी असते. निखळ शर्यतीचे पॅड दोन-तीनशे अंशांपासून पुढे खुलतात व ६०० ते ८०० अंशांपर्यंत टिकतात. या तत्त्वाचे टोक फॉर्म्युला वनमध्ये दिसते. २०११ ते २०१३ या काळात बुद्ध सर्किटवर झालेल्या तीन इंडियन ग्रां प्रीमध्ये धावलेल्या मोटारींच्या कार्बन चकत्या १,००० अंशांपर्यंत तापू शकतात, पण थंड असताना त्यांची पकड अगदीच दुबळी असते.

थंड पॅडचा अर्थ रस्त्यावर काय होतो, हे एका गणिताने स्पष्ट होईल. पायाच्या एका ठरावीक जोराला ०.४० घर्षणगुणांकाचा पॅड ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी १२ मीटरमध्ये थांबवितो असे मानू. थंड अवस्थेत गुणांक ०.२५ वर आला, तर त्याच जोराला तीच गाडी १९ मीटर घेईल. चालक अधिक जोर लावू शकतो हे खरे. परंतु अचानक मूल आडवे आल्यावर पाय सवयीच्या जोरानेच पडतो आणि उणीव लक्षात येईपर्यंत मधले सात मीटर संपलेले असतात. सकाळी घरासमोरून निघालेल्या गाडीतील शर्यतीचा पॅड हा म्हणूनच ‘अधिक सुरक्षित’ नव्हे, तर कमी सुरक्षित होय.

६. पॅडवरील खुणांचा अर्थ व मर्यादा

अनेक पॅडांच्या कडेवर ‘एफएफ’, ‘जीएफ’ यांसारखी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. अमेरिकेतील एसएई संस्थेच्या जे ८६६ या संकेतानुसार ‘ई’ म्हणजे घर्षणगुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर सामान्य, तर दुसरे तप्त अवस्थेतील गुणांक दर्शविते. ‘एफई’ अशी खूण असल्यास तापल्यावर पकड घटते, एवढे त्यावरून कळते.

तथापि ही चाचणी पॅडच्या एक इंच बाजूच्या चौरस तुकड्यावर होते, प्रत्यक्ष गाडीवर नव्हे. त्यातील ‘सामान्य’ अवस्था ९३ ते २०४ अंशांची असून ‘तप्त’ अवस्थेची कमाल मर्यादा ३४३ अंश आहे. याचा अर्थ असा, की पावसाळी सकाळच्या तीस अंशांना पॅड कसा वागेल आणि ट्रॅकवरील पाचशे अंशांना कसा वागेल, या दोन्ही टोकांविषयी ही अक्षरे मौन बाळगतात. निवडीच्या दृष्टीने नेमकी हीच दोन टोके महत्त्वाची आहेत. रस्त्यासाठी युरोपातील नियम क्रमांक ९० ची मान्यता अधिक उपयुक्त ठरते. १९९२ पासून अमलात असलेल्या या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत असावी लागते. ट्रॅकसाठी मात्र उत्पादकाने दिलेला तापमान व घर्षणगुणांक यांचा आलेखच पाहावा; तो न देणाऱ्या उत्पादकाचा पॅड टाळणे श्रेयस्कर.

७. ब्रेक मंदावण्याचे दोन प्रकार

ट्रॅकवर अथवा घाटात ‘ब्रेक लागेना’ या एकाच तक्रारीमागे दोन भिन्न कारणे असू शकतात आणि त्यांची लक्षणेही भिन्न असतात. पेडल घट्ट आहे, पण गाडीचा वेग उतरत नाही, अशी स्थिती असल्यास पॅड त्याच्या तापमानपट्ट्याबाहेर गेला आहे. राळेचे विघटन होऊन निघणारे वायू व द्रव पॅड आणि चकती यांच्यात येतात आणि घर्षण घटते. पॅडच्या कडा राखेसारख्या पांढुरक्या होणे ही त्याची नंतर दिसणारी खूण.

याउलट पेडल मऊ लागून तळाशी जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत असे समजावे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, डॉट ४ चा २३० अंश आणि डॉट ५.१ चा २६० अंश असतो. ही ऑइले हवेतील ओलावा शोषतात. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ व १८० अंशांवर येतात. कोकणासारख्या दमट हवेत ही बाब विशेष ध्यानात घ्यावी. दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा रस्त्यासाठीचा सर्वसाधारण दंडक असून ट्रॅकवर जाण्यापूर्वी ते नव्याने भरणे अत्यावश्यक आहे. ऑइल जुने असताना महागडा पॅड बसविल्यास धोका वाढतोच, कारण पॅड टिकतो, चालक अधिक फेऱ्या मारतो आणि ऑइल उकळते.

८. निवडीची तत्त्वे

वरील विवेचनावरून पुढील तत्त्वे मांडता येतात.

अ) केवळ रस्ता व घाट : वाहन उत्पादकाने सुचविलेला वा त्याच्या तोडीची मान्यता असलेला पॅड वापरावा. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. ब्रेक सतत रगडत ठेवण्याऐवजी ठामपणे लावून सोडावा.

आ) प्रामुख्याने रस्ता, वर्षातून एक-दोनदा ट्रॅक : येथे दोन स्वतंत्र संच बाळगणे हा सर्वोत्तम मार्ग. ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलावेत व परतीपूर्वी रस्त्याचे पॅड पुन्हा बसवावेत. भिन्न मिश्रणांचे थर एकमेकांवर नीट बसत नसल्याने शक्य असल्यास चकत्यांचाही वेगळा संच ठेवावा. हे जमत नसेल तर संमिश्र पॅड घ्यावा, ऑइल नवे भरावे आणि सलग फेऱ्या मोजक्या ठेवाव्यात.

इ) केवळ ट्रॅक : चकतीचे प्रत्यक्ष तापमान तापमानदर्शक रंगाने मोजून त्यानुसार पॅड निवडावा. अंदाजाने सर्वांत ‘उग्र’ पॅड घेणे हे शास्त्र नव्हे.

ई) पुढील-मागील समतोल : केवळ एका आसाचे पॅड बदलल्यास मूळ समतोल ढळतो. मागील चाकांना तुलनेने अधिक पकडीचा पॅड बसविल्यास ती आधी अडून गाडी गिरकी घेण्याचा संभव असतो.

उ) पॅड बसवणूक : नवा पॅड लगेच कठोर वापरात आणू नये. उत्पादकाच्या सूचनेनुसार मध्यम वेगावरून अनेकदा, पूर्ण न थांबता वेग उतरवावा आणि नंतर ब्रेक न लावता गाडी चालवून चकती निवू द्यावी. त्यामुळे थर एकसारखा बसतो. तापलेल्या अवस्थेत गाडी थांबवून पेडल दाबून धरल्यास पॅडचा ठसा चकतीवर उमटतो. त्यातून येणारी थरथर अनेकदा ‘चकती वाकली’ असे समजून चकती बदलण्यास कारण ठरते.

ऊ) महाविद्यालयीन स्पर्धा-वाहने : चालकासह सुमारे ३०० किलोग्रॅमची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना अवघी ७४ किलोजूल ऊर्जा देते. एवढ्याने शर्यतीचा पॅड तापतच नाही. फॉर्म्युला प्रकारच्या स्पर्धांतील ब्रेक-चाचणीत चारही चाके एकाच वेळी अडावी लागतात आणि ही चाचणी बहुधा थंड ब्रेकवरच होते. त्यामुळे अशा संघांनी थंड अवस्थेतील घर्षणगुणांकालाच प्राधान्य द्यावे.

९. निष्कर्ष

ब्रेक पॅडमध्ये ‘चांगला’ व ‘वाईट’ असा निरपेक्ष भेद नाही. ‘या तापमानाला योग्य’ व ‘अयोग्य’ एवढाच भेद आहे. एकच पॅड दोन्ही कामांसाठी वापरणे ही तडजोड होय आणि ती करावीच लागली, तर ती रस्त्याच्या बाजूने झुकलेली असावी. ट्रॅकवर चालकाने धोका समजून-उमजून पत्करलेला असतो. तेथे मोकळी जागा, शिरस्त्राण व मदतपथक असते, आणि पॅड मंदावल्याचे जाणवताच एक फेरी संथ चालवून ब्रेक निववता येतात. रस्त्यावर पहिल्याच वेळी, थंड चकतीवर, पूर्वसूचनेशिवाय ब्रेक लागावा लागतो आणि समोरच्या पादचाऱ्याने या निवडीत भाग घेतलेला नसतो. म्हणून पॅड विकत घेताना तो किती उष्णता सोसतो हे विचारण्याआधी तो थंड असताना किती पकड देतो, हे विचारणे अगत्याचे आहे.